मूठ आधी, पाते नंतर

चाकू घ्यायला माणूस दुकानात गेला की पहिल्याने काय पाहतो? पाते! चकाकी पाहतो, धार बघतो, उघडताना ‘खट्’ असा आवाज येतो का ते ऐकतो आणि पैसे मोजतो. मुठीकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. वास्तविक पाते कापायचे काम करते. पण हात सांभाळते ती मूठ. ज्यांचे पोट हातावर आहे त्यांनी तरी हे विसरता कामा नये. तर्जनी कापली तर चार-आठ दिवसांची हजेरी बुडते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

घडीचा चाकू आपल्या लोकांच्या रोजच्या कामाचा. वायरमन त्याने वायर सोलतो, हमाल सुतळी कापतो, भाजीवाली मावशी कोबीची पाने काढते आणि आम्ही कारकून मंडळी टपालाचे गठ्ठे सोडतो. बाजारात काही मुठींना बोटांसाठी चार खाचा पाडलेल्या असतात. बघताक्षणी वाटते, ही मूठ आपल्याच हातासाठी घडवली आहे! परंतु ती एकाच मापाच्या पंजासाठी घडवलेली असते. बोटे जाड असली तर खाचांमधले उंचवटे बोटांत रुततात. पंजा लहान असला तर एक बोट खाचेत आणि दुसरे उंचवट्यावर, अशी गत होते.

मागे एका रविवारी आम्ही असे दोन चाकू आमच्या चाळीत फिरवले, एक खाचांचा आणि एक साध्या गोल मुठीचा. हातात धरताच बहुतेकांनी खाचांचा पसंत केला. मग प्रत्येकाला दोरी कापायला आणि आंबा सोलायला दिला. दोरी कापताना खाचा बऱ्या वाटल्या. आंबा सोलताना मात्र शेजारच्या काकू म्हणाल्या, “भाऊ, हा हातात फिरतच नाही!” खरी गोष्ट तीच आहे. दोरी कापताना आपण मूठ आवळून धरतो, सोलताना धार अंगठ्याकडे वळवतो, टोकाने कोरताना तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवतो. चाकू एक, पण धरण्याच्या तऱ्हा अनेक. खाचा मात्र एकाच तऱ्हेला सोयीच्या.

जगातले नामांकित चाकू पाहिले तरी हेच दिसते. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी घडीचा चाकू बनवला. त्याची मूठ लाकडाची, गोलसर, मधे किंचित फुगीर. बोटांना खाच एकही नाही. 1955 साली त्याला पाते अडकवणारी फिरती कडी बसवली. मूठ मात्र तशीच साधी राहिली, आणि तो चाकू आजही विकला जातो.

स्वित्झर्लंडच्या सैन्याला 1891 साली पहिले चाकू मिळाले. त्यांची मूठ लाकडी होती. 1961 साली ती ॲल्युमिनियमची झाली. 2008 सालच्या नव्या नमुन्यात हात निसटू नये म्हणून मुठीवर खरखरीत पट्टे आले आणि पाते पक्के अडकण्याची सोयही झाली. एकच चाकू हजारो शिपायांच्या हातात द्यायचा, तर चार खाचा कोणाच्या मापाने पाडणार?

याचा अर्थ सगळ्याच खाचा वाईट, असा नव्हे. पात्यालगत तर्जनीपुढे एक खोलगट जागा किंवा उंचवटा असणे फार गरजेचे आहे. टोक एखाद्या कठीण वस्तूत अडकले आणि हात पुढे घसरला, तर बोट धारेवर जाण्यापासून तोच वाचवतो. 

तेव्हा बंधू-भगिनींनो, चाकू घेताना एवढे पाहा. चारही बोटे मुठीवर पुरतात का? करंगळी बाहेर लोंबकळत असेल तर जोराच्या कामाला तो चाकू नको. बोटे थोडी ओली करून धरा. गुळगुळीत मूठ लगेच निसटते. चाकू आवळून धरा, मग सोलायच्या तऱ्हेने धरा. कुठे रुतते का बघा. पाते उघडल्यावर अडकते का, हेही पाहा. नुसत्या स्प्रिंगवरचे पाते टोकाने भोसकताना उलटे मिटते आणि थेट बोटांवर येते. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नका. ती फुगते आणि पाते उघडत नाही.

एक शेवटचे. घरात चाकू एकच असेल तर तो घरधन्याच्या नव्हे, रोज वापरणाऱ्याच्या हाताच्या मापाने घ्या. बहुतेक घरांत तो हात घरच्या बाईचा असतो. पुढच्या खरेदीला तिलाच दुकानात न्या आणि चाकू आधी तिच्या हातात द्या.