थर्मास महाग का झाला? स्वस्त विदेशी मालाची सरकारी चौकशी आणि खान्देशची रिकामी खुर्ची

लग्नसराई किंवा ईद जवळ आली की जळगावच्या फुले मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर भांड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. मुलीच्या सामानात डिनर सेट हवा, पाहुण्यांच्या चहासाठी स्टीलचा थर्मास हवा, दस्तरखानासाठी मोठी चटई हवी. घासाघीस चालू असते आणि दुकानदार शेवटी म्हणतो, "भाभी, मागून माल महाग आलाय, सरकारने ड्युटी लावली." बहुतेक घरांत ही गोष्ट इथेच संपते. ड्युटी कोणी मागितली, कोणत्या चौकशीनंतर लागली आणि त्या चौकशीत आपलं कोणी होतं का, हे कोणी विचारत नाही.

मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने चीनमधून येणाऱ्या व्हॅक्यूम थर्मासवर पाच वर्षांसाठी अँटी-डंपिंग ड्युटी लावली. दर आहे टनामागे 1,732 डॉलर. त्याच सुमारास चीनच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवरही सहा महिन्यांसाठी तात्पुरती ड्युटी लागली. त्याआधी 2017 मध्ये चिनी मातीच्या कप-बशा आणि प्लेटांवर किलोमागे 1.04 डॉलर लागले होते. चीन आणि संयुक्त अरब अमिरातीतून येणाऱ्या ओपल काचेच्या पांढऱ्या डिनर सेटवरही अशी ड्युटी लागलेली आहे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या मांडणीचा दिल्लीच्या या फायलींशी संबंध आहे.

डंपिंग म्हणजे नक्की काय?

स्वस्त विकणं हा गुन्हा नाही, हे आधी लक्षात घ्यावं. चीनचा कारखाना मोठा आहे, त्याला वीज आणि कच्चा माल स्वस्त पडतो, म्हणून त्याची वस्तू स्वस्त असेल तर तिला डंपिंग म्हणत नाहीत. एखादा कारखानदार जी वस्तू आपल्या देशात 1,000 रुपयांना विकतो, तीच भारतात 800 रुपयांना पाठवतो, तेव्हा ते डंपिंग. इथे 200 रुपयांचा फरक आहे, म्हणजे निर्यातीच्या भावावर 25 टक्के. हा फरक 2 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर प्रकरण तिथेच बंद होतं.

दुसरा प्रकार अनुदानाचा. परदेशातलं सरकारच आपल्या कारखान्याला स्वस्त कर्ज, जमीन किंवा करमाफी देतं आणि त्या जोरावर तो माल स्वस्तात बाहेर पाठवतो. त्यावर जी ड्युटी लागते तिला काउंटरव्हेलिंग ड्युटी म्हणतात. दोन्हींचा कायदा एकच आहे, सीमाशुल्क दर कायदा 1975. नियम 1995 चे आहेत.

ड्युटी लावण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : डंपिंग किंवा अनुदान आहे, देशी कारखान्यांचं नुकसान झालं आहे, आणि ते नुकसान याच मालामुळे झालं आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मशीन जुनी, व्यवस्थापन ढिसाळ आणि दोष मात्र चीनला, हे चालत नाही.

फाईल कशी पुढे सरकते?

हे काम व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर करतं. वाणिज्य मंत्रालयाखालचं हे कार्यालय 2018 पासून या नावाने चालतं. तक्रार देशी उत्पादकांनी करायची असते. अर्जामागे उभे असलेले उत्पादक देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के माल बनवणारे हवेत. शिवाय मत नोंदवणाऱ्या उत्पादकांपैकी पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त हवं. जो उत्पादक स्वतःच तो माल बाहेरून आणतो, त्याला देशी उद्योगातून वगळता येतं.

चौकशी साधारण एका वर्षात संपवायची असते, फार तर आणखी सहा महिने मिळतात. शेवटी डीजीटीआर शिफारस करतं. ड्युटी लावायची की नाही, हे मात्र अर्थ मंत्रालय ठरवतं. म्हणजे शिफारस झाली, की ड्युटी लागलीच, असं नाही. भारत एक चांगला नियमही पाळतो : डंपिंगचा फरक 200 रुपयांचा असला, पण 150 रुपयांनी देशी कारखान्याचं नुकसान भरून निघत असेल, तर ड्युटी 150 चीच लागते.

आपल्या खिशावर किती?

थर्मासचाच हिशेब करू. टनामागे 1,732 डॉलर म्हणजे किलोमागे 1 डॉलर 73 सेंट. डॉलर 86 रुपयांचा धरला तर किलोला सुमारे 150 रुपये. लिटरभराचा स्टीलचा थर्मास साधारण अर्धा किलोचा धरला, तर एका थर्मासवर 75 रुपयांच्या आसपास. त्यावर जीएसटी आणि व्यापाऱ्यांचा नफा चढतो. ड्युटी वजनावर असल्यामुळे भारी ब्रँडचा थर्मास असो की साधा, रुपये जवळपास तेवढेच. 2,000 रुपयांच्या थर्मासमध्ये ते जाणवत नाहीत, 400 रुपयांच्या थर्मासमध्ये चांगलेच जाणवतात. गरीब गिऱ्हाइकावर बोजा जास्त पडतो तो असा.

आणखी एक गैरसमज आहे. ड्युटीचा पैसा देशी कारखानदाराला मिळत नाही, तो सरकारी तिजोरीत जातो. कारखानदाराला मिळते ती संधी, की आता आपला माल विकला जाईल. त्या संधीचं त्याने सोनं केलं, मजूर वाढवले, दर्जा सुधारला, तर गिऱ्हाइकाच्या 75 रुपयांचं चीज झालं. त्याने फक्त भाव वाढवले तर गिऱ्हाईक लुटलं गेलं.

जळगावची चटई : ढाल की ओझं?

आता आपल्या अंगणात येऊ. जळगावची प्लास्टिकची चटई देशभर जाते. औद्योगिक वसाहतीतल्या चटई कारखान्यांवर आपल्या समाजातल्या कितीतरी कामगारांची आणि व्यापाऱ्यांची चूल पेटते. ही चटई बनते पॉलिप्रॉपिलीनच्या दाण्यापासून. दाणा वितळवून नळी काढायची, ती मागावर विणायची. काही कारखाने जुनं प्लास्टिक पुन्हा वितळवून वापरतात, पण नव्या दाण्याचा भाव वाढला की जुन्याचाही वाढतो.

2009 मध्ये सौदी अरेबिया, ओमान आणि सिंगापूरहून येणाऱ्या याच पॉलिप्रॉपिलीनवर भारताने तात्पुरती अँटी-डंपिंग ड्युटी लावली होती. तक्रार देशातल्या मोठ्या पेट्रोकेमिकल कंपन्यांची होती. तेलाच्या देशात कच्चा माल स्वस्त, म्हणून दाणा स्वस्त. त्यांच्या नजरेत तो दाणा धोका होता, तर चटईवाल्याच्या नजरेत तीच बरकत होती.

इथेच पेच आहे. तयार चटई बाहेरून पडेल भावात आली तर जळगावला ड्युटीची ढाल हवी. दाण्यावर ड्युटी लागली तर तीच ढाल छातीवरचं ओझं होते. पाईपच्या धंद्याचंही तेच. पाईपला लागणाऱ्या पीव्हीसी रेझिनवर 2024 मध्ये चीन, जपान, अमेरिका यांच्यासह सात देशांविरुद्ध चौकशी सुरू झाली, तेव्हा रेझिन बनवणारे एका बाजूला आणि ते विकत घेणारे दुसऱ्या बाजूला, असंच चित्र होतं. म्हणून "विदेशी मालावर ड्युटी लावा" अशी सरसकट घोषणा देण्याआधी विचारावं : कोणत्या मालावर? तयार मालावर की कच्च्या?

धुळ्याचा माग आणि भांड्यांचा पत्रा

धुळ्याच्या यंत्रमागवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सूत महागलं की माग थांबतो, माग थांबला की कामगाराची हप्त्याची मजुरी थांबते. पॉलिस्टरच्या मुळाशी असणाऱ्या पीटीए या रसायनावर अनेक वर्षं अँटी-डंपिंग ड्युटी होती. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ती जनहिताचं कारण देऊन काढली. व्हिस्कोस तंतूवर चीन आणि इंडोनेशियाविरुद्ध 2010 पासून ड्युटी होती, तीही 2021 मध्ये गेली. कापड उद्योगाने सतत पाठपुरावा केला होता.

स्टीलच्या भांड्यांचंही असंच. चीनच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर 2017 मध्ये अनुदानाच्या कारणावरून 18.95 टक्के ड्युटी लागली. धातूंचे भाव भडकल्यावर फेब्रुवारी 2021 मध्ये ती स्थगित झाली आणि 2022 च्या अर्थसंकल्पात कायमची काढली गेली. म्हणजे सरकार ऐकतं. पण जो बोलतो त्याचंच ऐकतं.

रिकामी खुर्ची

या सगळ्या प्रकरणांत खान्देशचा आवाज कुठे आहे? मोठ्या कंपनीकडे वकील असतो, हिशेबनीस असतो, तीन-चार वर्षांचे आकडे तयार असतात. आपल्याकडे शंभर छोटे कारखाने असतात आणि प्रत्येकाचे कागद वेगळे, काहींचे अर्धेच. नुकसान खरं असतं, पण कागदावर दिसत नाही. आणि जे कागदावर नाही, ते या चौकशीत नसल्यातच जमा.

पण छोट्यांना जमत नाही, असंही नाही. चिनी मातीच्या भांड्यांचा अर्ज कोणा एका बड्या कंपनीचा नव्हता. उत्पादकांच्या संघटना त्यामागे होत्या. उत्तर प्रदेशातल्या खुर्जासारख्या गावात ही भांडी छोट्या छोट्या भट्ट्यांत बनतात. मुस्लिम कारागिरांचीही तिथे जुनी परंपरा आहे. विखुरलेल्या छोट्या उद्योगांना संघटनेमार्फत अर्ज करण्याची सोय डीजीटीआरने ठेवली आहे. तिथे मदत कक्षही आहे.

त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट ही, की नियम 6 नुसार कच्चा माल वापरणाऱ्या उद्योगांना, आणि वस्तू किरकोळ बाजारात विकली जात असेल तर ग्राहक संघटनांनाही आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागते. म्हणजे थर्मासच्या चौकशीत गृहिणीच्या बाजूने बोलायला एक खुर्ची कायद्यानेच ठेवलेली आहे. तिच्यावर बसायला आपण जात नाही, ही तक्रार सरकारची नाही, आपली आहे.

आता करायचं काय?

पहिलं, चटई, यंत्रमाग, भांडी या धंद्यांच्या संघटनांनी एका शिकलेल्या मुला-मुलीला हेच काम द्यावं : डीजीटीआरच्या संकेतस्थळावर कोणत्या मालाची चौकशी सुरू झाली, हे दर आठवड्याला पाहायचं. म्हणणं मांडायला साधारण 30 दिवस मिळतात. बातमी बाजारात पोहोचेपर्यंत ते निघून जातात. कागद इंग्रजीत असतात, म्हणून आपल्या वाणिज्य आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी हे शिकण्याचं आणि रोजगाराचंही क्षेत्र आहे.

दुसरं, कारखानदारांनी हिशेब पक्के ठेवावेत. उत्पादन किती, विक्री किती, भाव काय, मजूर किती. गुप्त आकडे गुप्त ठेवण्याची सोय नियमांत आहे, त्यामुळे शेजारच्या कारखान्याला आपला धंदा कळेल ही भीती नको.

तिसरं, संघटनेने दोन्ही बाजू पाहाव्यात. आज तयार मालावर ड्युटी मागणारा उद्या कच्च्या मालावरच्या ड्युटीला विरोध करू शकतो. यात लबाडी काही नाही. प्रत्येक मालाचा हिशेब वेगळा.

चौथं, घरच्यांसाठी. "ड्युटी लागली" म्हणून दुकानदार 75 च्या जागी 300 रुपये वाढवत असेल, तर वर केलेला हिशेब त्याला विचारा. ड्युटी चीनहून आलेल्या मालावर आहे, देशी थर्मासवर नाही. डब्यावर कुठे बनला ते वाचा आणि आयएसआयची खूण पाहा. 2023 च्या आदेशाने घरगुती थर्माससाठी ती सक्तीची झाली आहे.

पाच वर्षांनी ड्युटीची मुदत संपते, आणि ती वाढवायची असेल तर त्याआधी आढावा घ्यावा लागतो. थर्मासच्या ड्युटीची ही वेळ 2030 च्या सुमारास येईल. ती पुढे चालू ठेवायची की काढायची, हे तेव्हा कोणीतरी दिल्लीत बसून ठरवणारच आहे. जळगाव-धुळ्याच्या संघटनांनी आजपासून कागद जमवायला घेतले, तर त्या वेळी आपल्याकडेही दाखवायला काही असेल.