ट्रॅक हवा, कारण रस्ता सगळ्यांचा आहे

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात कुणाच्या दारात स्पोर्ट बाइक उभी राहिली की गावाचा निकाल तयार असतो : पोरगं हातचं गेलं. माझ्या दारात केटीएम आरसी ३९० आहे आणि ती घेऊन मी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर चालवायला जातो. हा निकाल मी पारावर, लग्नात, बँकेच्या रांगेत ऐकला आहे. निकाल देणारी माणसं माझ्या काळजीपोटीच बोलतात, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप : वेग माणूस मारतो. मान्य. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार दहातले सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत, आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पण हे आकडे रस्त्यावरचे आहेत. तिथे मरायला ३९० सीसी लागत नाही. शंभर सीसीच्या गाडीवर तिघं बसून, डोकं उघडं ठेवून, मोबाइल कानाला लावून मानवतच्या बाजारातून परतणारं पोर गावाला वाया गेलेलं वाटत नाही. ते नजरेच्या सवयीचं झालं आहे, एवढाच फरक. आक्षेप वेगावर असेल तर तो आधी तिथे घ्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ट्रॅकवर वेगाची चटक लागते आणि ती चटक पोरगं गावात घेऊन येतं, असं म्हणतात. ज्यांनी ट्रॅकचा दिवस पाहिला नाही त्यांना असं वाटणं साहजिक आहे. तिथे सकाळी गाडी आधी तपासणीला लागते. हेडलाइटवर चिकटपट्टी मारायची, म्हणजे गाडी पडली तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत. आरसे काढायचे. तपासणारा चेन हाताने वरखाली करून बघतो, ब्रेकचा लिव्हर दाबतो, इंजिन ऑइलचा बोल्ट घट्ट आहे ना ते पाहतो, टायरवरून बोट फिरवतो. मग तुमच्याकडे वळतो : लेदरचा सूट, पाठीचं संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट. एक गोष्ट कमी असली तरी ट्रॅकवर सोडत नाहीत. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे आणि ओव्हरटेक बंद, लाल दिसला की वेग उतरवून आत या, हे पाठ करून घेतात. नवख्यांचा गट वेगळा असतो. पहिली फेरी प्रशिक्षकाच्या मागे, टायर तापेपर्यंत सावकाश. समोरून कुणी येत नाही, बाजूला रुग्णवाहिका उभी असते.

एवढं झाल्यावर ३.७ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर शिकायला काय मिळतं? मुख्यतः थांबायला. पुढचा ब्रेक झटक्यात दाबला की चाक जाम होऊ शकतं. आधी हलका दाब, वजन पुढच्या टायरवर येऊ द्यायचं, मग दाब वाढवायचा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे शाळेत वहीत उतरवलं होतं. सरळ पट्टा संपून वळण अंगावर येतं तेव्हा ते हाताला कळतं. आणि नजर : जिकडे बघाल तिकडे गाडी जाते, म्हणून खड्ड्याकडे न बघता वाटेकडे बघायचं. हे शिकलेला माणूस परभणी-मानवत रस्त्यावर रात्री, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे असू शकते हे धरूनच चालवतो. आपल्याला कुठे थांबता येणार नाही, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. ट्रॅकवरून येऊनही एखादा रस्त्यावर माज करणारच. त्याच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, विनापरवानगी शर्यतीला दंड आणि कैद. ते लावा, माझी हरकत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्यातलं बरंचसं मला कबूल आहे. गाडी तीन लाखांच्या पुढे जाते. ट्रॅकच्या फीपेक्षा टायर, सूट आणि हजारेक किलोमीटर दूरची ये-जा महाग पडते. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे पडलात तर खर्च तुमचा. बापाचं शेत गहाण टाकून कुणी हे करू नये. पण हा खेळ श्रीमंतांचाच का राहिला? ट्रॅक आहेत ते चेन्नई, कोइमतूर, ग्रेटर नोएडा अशा ठिकाणी. ज्या मराठवाड्यात वाळूजला १९८५पासून दुचाक्या बनतात, तिथल्या पोराला दुचाकी नीट चालवायला शिकायची तर लांबचा पल्ला गाठावा लागतो.

वेगाला हद्द आखून देणं आपल्याला नवं नाही. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, तेव्हा हाच परभणी जिल्हा हळहळला. महाराष्ट्राने कायदा केला, अटी घातल्या, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची तपासणी आली. डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बैलांच्या धावेला धावपट्टी, पंच आणि नियम देता येतात, तर गावोगावच्या तरण्या पोरांना का नाही?

जागा नाही, हे कारण पटणारं नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने आपल्या शर्यती दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या विमान धावपट्टीवर सुरू केल्या; इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९०मध्ये आला. लातूर आणि धाराशिवला धावपट्ट्या आहेत. विमानं नसतील असे वर्षातले दोन दिवस, रबरी कोन लावून आखलेली वाट, एक रुग्णवाहिका आणि प्रशिक्षक, एवढ्यात ब्रेक आणि वळण शिकवता येईल. पोलीस, आरटीओ आणि दुचाकी कंपन्या रस्ता सुरक्षा अभियानात फलक लावण्यावर जो खर्च करतात, त्यातला थोडा इकडे वळवावा. मराठवाड्यातल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी सरकारपुढे ठेवावी, ही माझी विनंती आहे.

तोवर पेडगावच्या पोरांना एवढंच सांगतो : हायवेवर शर्यत लावू नका. आधी चांगलं हेल्मेट घ्या, मग गाडीचा विचार करा. ट्रॅकपर्यंत गाडी न्यायची तर टाकी रिकामी करून, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडून ती रेल्वेच्या पार्सलने पाठवता येते. ट्रॅकवर यायचं असेल तर घरी या, माझा सूट अंगाला बसतो का बघू, आणि घरच्यांनाही सोबत आणा. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मी देईन.