मंडळीला गाते ठेवण्याची कला

चर्चमधील गायनाचे नेतृत्व करणाऱ्याची योग्यता त्याच्या गळ्यावरून ठरवण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली, तरी त्या कामाची खरी कसोटी मंडळी, म्हणजे उपासनेसाठी जमलेला सारा समुदाय, स्वतः किती मोकळेपणाने गाते हीच असते. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात लोकभाषेतील गीते सामान्य भाविकांच्या मुखी दिली ती याच हेतूने; कॅथलिक पंथातही द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनाविधीविषयीच्या दस्तऐवजात भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला.

मराठी ख्रिस्ती परंपरेला हे तत्त्व बाहेरून शिकावे लागलेले नाही. अहमदनगर परिसरात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजवले, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी परदेशी चालींत कोंबलेल्या भाषांतरांऐवजी अभंग, ओवी आणि पदे यांचा मार्ग धरला. इंग्रजी स्तोत्राची चाल शब्दांतील आघातावर उभी असते, तर मराठी पद्यात ऱ्हस्व-दीर्घाचे वजन सांभाळावे लागते; म्हणून उसन्या चालीत ऱ्हस्व अक्षर ताणले जाते आणि गाणारा अडखळतो. याउलट कीर्तनातील ध्रुपद, म्हणजे दर कडव्यानंतर परतणारी ओळ, पुस्तक न पाहताही कोणालाही उचलता येते. कीर्तनकार कडवे सांगतो, समुदाय ध्रुपद गातो, आणि ही कामाची वाटणी इतकी सोयीची आहे की मराठी मंडळ्यांनी ती मागे टाकून सबंध गीत व्यासपीठावरच्या चमूच्या हवाली का करावे, हे कोडेच आहे.

समूहगायन बिघडते ते बहुधा पट्टीमुळे, म्हणजे षड्ज ज्या स्वरावर ठेवला जातो त्या उंचीमुळे. न शिकलेल्या गळ्याचा सुखाने गाता येणारा पल्ला एका सप्तकाहून थोडाच मोठा असतो. शिकलेला गायक मात्र आपल्या आवाजाची चमक जिथे खुलते ती पट्टी निवडतो, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या बाकांवर केवळ ओठ हलत राहतात. हार्मोनियमवर दोन-तीन स्वर खाली उतरल्यास गायकाला गीत फिके वाटेल, पण ती किंमत त्याने मोजलीच पाहिजे. ध्वनिक्षेपकालाही हाच न्याय लागू आहे: शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की माणूस स्वतः गाणे थांबवतो.

ऐकणे हाही भक्तीचाच एक प्रकार आहे, या आक्षेपात तथ्य आहे, आणि अर्पणाच्या वेळी गायकवृंदाने एखादे कठीण गीत एकट्याने सादर करण्यास कोणाचीच हरकत नसावी. मात्र तो अपवाद असावा. परदेशातील मराठी मंडळ्यांत प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तिथे वाढलेल्या अनेक मुलांना मराठी समजते पण देवनागरी वाचता येत नाही, आणि पडद्यावरच्या रोमन लिपीतून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. अशा ठिकाणी नवे गीत आणण्यापूर्वी त्याचे ध्रुपद सलग काही रविवार केवळ ऐकवून घोटून घ्यावे, कडवी नंतर जोडावीत आणि गिटार असो वा तबला, वाद्यांनी लय धरण्यापलीकडे फारसे काही करू नये.