पाटोद्यात शिळाछाप
(साप्ताहिक सदर : रेघोट्या)

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पाटोद्याची पोरं बसतात ती मुख्यतः दहावीच्या वाढीव गुणांसाठी. त्यात गैर काही नाही. पण त्या तयारीत चित्र म्हणजे एकच कागद, नीट खोडलेला, डाग नसलेला, एवढंच मनावर ठसतं. स्वतःच्या हातच्या चित्राच्या पन्नास प्रती निघू शकतात, हे कळायला मुंबईचं जे. जे. गाठावं लागतं. किती जण गाठतात?

म्हणून लिथोग्राफी, म्हणजे आपली जुनी शिळाछाप, शाळेतच दाखवावी असं माझं म्हणणं आहे.

म्युनिकच्या झेनेफेल्डरला १७९६ च्या सुमारास ही युक्ती सापडली. तिचा पाया एवढाच, की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. चुनखडीचा दगड कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून घासायचा, तेलकट खडूनं त्यावर उलटं चित्र काढायचं, मग नायट्रिक ॲसिडचे थेंब घातलेलं डिंकाचं पाणी लावायचं. टर्पेंटाइननं खडू पुसला की चित्र जवळजवळ नाहीसं होतं. नवखा विद्यार्थी इथे हमखास घाबरतो! दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवला की चित्र परत येतं, कारण शाई तेलकट जागीच धरते. चुकून अंगठा टेकला असेल तर तोही छापून येतो. जुनं चित्र पुरतं घासलं नसेल तर ते नव्यात डोकावतं.

आपल्या बालाघाटचा काळा दगड इथे कुचकामी. तो लाव्हाचा, हवा बव्हेरियातल्या झोल्नहोफेनसारखा बारीक कणांचा चुनखडक. डिंक मात्र बाभळीच्याच भावकीतला.

मराठीशी या दगडाचं जुनं नातं आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. मोडीची जोडाक्षरं खिळ्यांत बसवण्यापेक्षा लेखनिकाचं अक्षर जसंच्या तसं दगडावर उतरवणं सोपं होतं. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला. तिथे एका चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागे. त्या तसबिरी घरोघरी पोचल्या आणि शिळाछाप म्हणजे तैलचित्राची स्वस्त नक्कल, असा समज आपल्याकडे रुजला. कला महाविद्यालयातला विद्यार्थी थेट दगडावर काढतो. त्याच्या चित्राचं मूळ दुसरीकडे कुठे नसतंच.

पाटोद्याला दगड आणि प्रेस कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. पण फ्रान्समधल्या एका मुद्राचित्रकर्तीनं स्वयंपाकघरात जमणारी लिथोग्राफी काढली आहे. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवायची, साबणानं किंवा तेलकट पेन्सिलीनं चित्र काढायचं, वरून कोला ओतायचा. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड आपलं काम करतं. धुऊन, गोडेतेलानं पुसून, ओल्या फॉइलवर तेलाच्या शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद ठेवून चमच्यानं घोटायचा. दगडाची खोली यात नाही, तत्त्व तेच आहे.

चित्रकला शिक्षकांच्या पुढच्या प्रशिक्षणात एक दिवस यासाठी ठेवा. खर्चाचं अंदाजपत्रक मागाल तर सगळ्यात महाग शाई आणि रूळ. कोला आणायला मात्र पोरांना पाठवू नका, अर्धी बाटली वाटेतच संपेल.

— पाटोदेकर