फोन नोकरदाराचा, कुलूप कचेरीचे

कचेरीचे दप्तर कचेरीच्या कपाटात राहावे आणि संध्याकाळी त्या कपाटाला कुलूप लागावे, ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालत आली. कपाट संस्थेचे, कुलूप संस्थेचे आणि किल्ली ज्याच्या स्वाधीन केली त्याची जबाबदारीही ठरलेली. कारकून घरी जाताना आपली पिशवी घेऊन जाई. त्या पिशवीत काय आहे हे पाहण्याचा अधिकार साहेबाला नव्हता आणि तशी गरजही त्याला भासत नसे. मोबाइल फोनने ही सरळ विभागणी मोडून टाकली आहे. दप्तरच आता नोकरदाराच्या पिशवीत शिरले आहे. शिक्षकाच्या फोनवर विद्यार्थ्यांची हजेरी आणि गुण असतात, बँकेतील कारकुनाच्या फोनवर कामाचे ई-मेल असतात, विक्रेत्याच्या फोनवर ग्राहकांची यादी असते. आणि त्याच फोनवर मुलांची छायाचित्रे, घरचा पत्रव्यवहार आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही असतात. अशा फोनवर हुकूम कोणाचा चालावा, हा प्रश्न आज हजारो कचेऱ्यांत उपस्थित झाला आहे. परंतु त्याचे उत्तर लेखी स्वरूपात फारच थोड्या ठिकाणी सापडेल.

संस्थांची चिंता निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. फोन बसमध्ये विसरतो, गर्दीत चोरीला जातो, घरातील मुलांच्या हाती खेळायला दिला जातो. जुन्या फोनांना सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद होते आणि त्यांतील फटी तशाच उघड्या राहतात. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला कागद गटातील प्रत्येकाच्या फोनवर उतरतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर तो पुढेही वर्षानुवर्षे पडून राहतो. त्या कागदावर तिऱ्हाइताचे नाव, पत्ता, खाते क्रमांक किंवा आजार लिहिलेला असेल, तर त्याच्या गुप्ततेची हमी संस्थेनेच द्यावयाची असते. म्हणून फोनला सांकेतिक क्रमांकाचे कुलूप असावे, त्यावर संशयास्पद ॲप नसावेत, तो हरवल्यास त्यातील कामाची माहिती दुरून पुसता यावी, या अपेक्षा रास्त आहेत. त्यांसाठी फोनांची नोंदणी आणि नियंत्रण करणाऱ्या यंत्रणा बाजारात सर्रास उपलब्ध आहेत.

वाद सुरू होतो तो या यंत्रणेच्या पोहोचीवरून. कामाची माहिती पुसण्यासाठी दिलेला अधिकार संपूर्ण फोन पुसण्यासाठी वापरला गेला, तर काय होते? अमेरिकेतील टेक्सास राज्यात २०१३ साली हेच घडले. एका गृहबांधणी कंपनीतील कर्मचारी स्वतःचाच आयफोन कामासाठी वापरीत होता. त्याने राजीनामा दिल्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीच्या तंत्रज्ञाने तो फोन दुरूनच कोरा केला. सुक्याबरोबर ओलेही जळाले. कामाच्या माहितीबरोबर त्याची खाजगी छायाचित्रे आणि आप्तांचे दूरध्वनी क्रमांकही गेले. त्याने न्यायालयात धाव घेतली. परंतु संघराज्याच्या ज्या दोन कायद्यांचा आधार त्याने घेतला होता, त्यांखाली त्याचा दावा २०१४ साली टिकू शकला नाही. बोध स्पष्ट आहे. हानी झाल्यानंतर कायद्याचा आधार शोधत बसण्यापेक्षा अधिकाराची मर्यादा आधीच आखून घेणे शहाणपणाचे असते.

ही मर्यादा आखणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, ही सबब आता चालणार नाही. अँड्रॉइड फोनांत २०१४ पासून कामासाठी वेगळा कप्पा करण्याची सोय आहे. नोकरदाराच्या स्वतःच्या फोनावर असा कप्पा केला, तर संस्थेची सत्ता मुख्यतः त्या कप्प्यापुरती राहते. तिला स्क्रीनला कुलूप लावणे सक्तीचे करता येते. मात्र खाजगी बाजूची छायाचित्रे किंवा संदेश पाहता येत नाहीत. माणूस नोकरी सोडून गेला की तेवढा कप्पा नष्ट करायचा. बाकी फोन जसाच्या तसा राहतो. आयफोनांतही २०१९ पासून अशीच विभागणी करता येते. एका पिशवीत दोन कप्पे शिवण्याइतकी ही सोपी गोष्ट आहे. असे असूनही एखादी संस्था संपूर्ण फोनाचा ताबा मागत असेल, तर तिला केवळ सुरक्षितताच हवी आहे की कर्मचाऱ्यावर पाळतही ठेवायची आहे, अशी शंका घेण्यास जागा उरते.

भारतीय कायद्याची स्थिती या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीचा मार्ग खुला झाला. माहितीच्या रक्षणात हयगय करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. साहजिकच दंडाच्या धास्तीने संस्था कर्मचाऱ्यांच्या फोनांवरील पकड घट्ट करू पाहतील. त्यातच याच कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे. या मुभेचा अर्थ कितपत ताणायचा, हे मालकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

दुसरी बाजू खर्चाची. स्वतःच्या पैशाने फोन घ्यायचा, स्वतःच्या पैशाने तो भारायचा आणि त्यावर कचेरीचे काम करायचे, म्हणजे घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने २०१४ साली असा निर्णय दिला की, कामासाठी खाजगी फोन वापरणे भाग पडत असेल तर त्याच्या बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने दिलाच पाहिजे. कर्मचाऱ्याला त्यापायी जादा खर्च आला नाही, या सबबीवर तो टाळता येणार नाही. आपल्याकडे फोन दिल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोन वारंवार बिघडतात, दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यावर पडतो आणि पोषणाची नोंद ठेवणारे ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काम ज्याचे त्याने साधन द्यावे, हे जितके खरे तितकेच ते साधन धड असावे, हेही खरे.

लहान शाळा, पतपेढ्या आणि दुकाने यांना हे सारे परवडणार कसे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु येथे मुख्य गरज पैशाची नसून लेखी कराराची आहे. संस्थेने एका पानावर पाच गोष्टी लिहून द्याव्यात: फोनावरील काय पाहिले जाईल, काय कधीही पाहिले जाणार नाही, काय आणि कोणत्या प्रसंगी पुसले जाईल, खर्च कोण सोसेल, आणि नोकरी सुटल्यावर काय होईल. ज्याला या अटी मान्य नसतील त्याला कचेरीचा फोन किंवा कचेरीतील संगणक मिळावा. नकार दिला म्हणून त्याच्यावर गैरवर्तनाचा शिक्का बसू नये. व्हॉट्सॲप गटावर नावानिशी याद्या टाकण्याची सवय मोडली, तर निम्मी जोखीम एक पैसाही न खर्चता कमी होईल. कर्मचाऱ्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. फोन हरवल्याची खबर भीतीपोटी दोन दिवस दडवून ठेवणे, हा त्या माहितीच्या धन्याशी केलेला द्रोहच होय. मात्र ती भीती घालविण्याचे काम वरिष्ठांचे आहे. खबर देणाऱ्यालाच प्रथम धारेवर धरणाऱ्या कचेरीला खबर कधीच वेळेवर मिळत नाही.

शिक्षक आणि कारकून यांच्या संघटनांनी वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता यांसाठी दीर्घ लढे दिले आहेत. त्यांच्या मागण्यांच्या यादीत हे एक पान आता जोडले गेले पाहिजे. संस्थेला आपल्या कागदांना कुलूप लावण्याचा पूर्ण अधिकार आहे. ते कुलूप नोकरदाराच्या घराच्या दाराला लागणार नाही, एवढी दक्षता तिने घ्यावी. आणि ती घेतली जात नसेल, तर नोंदणीच्या पडद्यावरील 'मान्य' या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वी नोकरदाराने लेखी उत्तर मागावे.