यंत्राची तूट, कामगाराच्या माथी



संध्याकाळी काउंटरची रोकड कमी भरली, की फरक स्वतःच्या खिशातून भरायचा, ही रीत टपालातल्या आणि बुकिंगमधल्या आपल्या बांधवांना ठाऊक आहे. चूक हाताची असेल तर आम्ही कुरकुर करीत नाही. पण चूक यंत्राची असली तर?

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून काउंटरांवर 'होरायझन' ही संगणक प्रणाली बसवली. ती फुजित्सूच्या मालकीच्या कंपनीने बनवली होती. तिचा हिशेबाचा भाग कच्चा आहे, असे त्या कंपनीच्याच माणसांनी १९९८ मध्ये लेखी कळवले होते. तरी तीच प्रणाली खेडोपाडी गेली. हॅम्पशायरमधल्या जो हॅमिल्टन यांनी तूट दिसताच मदतीसाठी फोन केला. सांगितले तसे करत गेल्या, तर तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली! भरपाईसाठी त्यांनी घर गहाण टाकले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक सब-पोस्टमास्तर चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांत दोषी ठरले. बहुतेक खटल्यांत फिर्यादी पोस्ट ऑफिसच होते. काही जण तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. 'असा त्रास फक्त तुम्हालाच होतो,' असे प्रत्येकाला वेगवेगळे सांगितले जाई.

आणि त्यांची संघटना? तीही प्रणाली चांगली असल्याचेच सांगत राहिली. पोस्ट ऑफिसच्या पैशावर चालणारी ही संघटना स्वतंत्र नाही, असे २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटले. हे वाचून आम्हाला मान खाली घालावीशी वाटली. अखेर ॲलन बेट्स आणि ५५४ साथीदार स्वतःच कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये प्रणालीतले दोष न्यायालयाने मान्य केले, आणि सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले.

आमच्या रेल्वेत सांधा दुरुस्तीला घेतला तर सिग्नलवाला स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो देतो. काम झाल्यावर दोघे मिळून सांधा तपासतात, सह्या होतात, मगच गाडी सुटते. जिथे तपासणीत कसूर झाली, त्या बहानगा बाजारला २ जून २०२३ रोजी काय झाले ते आपण पाहिले. मग काउंटरवरच्या संगणकाला ही सही का नको? नवी प्रणाली किंवा तिच्यातला बदल आधी गर्दीच्या काउंटरवर, लाइन तुटलेली असताना, वीज गेलेली असताना चालवून पाहावा आणि तिथल्या क्लार्कची सही घ्यावी. तूट निघाली तर यंत्रातली संपूर्ण नोंद त्याच्या हाती द्यावी. तोवर पगारातून एक पैसाही कापू नये.

ही मागणी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी, असे आम्ही शाखांना कळवत आहोत.