कावळ्याची बाजू

काऊ-चिऊची गोष्ट ज्यानें लहानपणीं ऐकली नाहीं, असा मराठी मनुष्य विरळाच. कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें; मुसळधार पाऊस आला आणि शेणाचें घर वाहून गेलें. भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशीं येऊन विनवूं लागला, आणि ती बाळाच्या न्हाण्यामाखण्याचीं एकामागून एक निमित्तें सांगत राहिली. आपण सर्वजण ही गोष्ट ऐकून कावळ्यास हंसलों व चिऊताईस शहाणी म्हणालों. परंतु दार इतका वेळ बंद कां राहिलें, हा प्रश्न आपल्यापैकीं किती जणांनीं विचारला?

चाकण, भोसरी, तळवडे या कारखान्यांच्या टापूंत दूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून पोटासाठीं आलेलीं कितीतरी कुटुंबें पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तसल्या खोलींतलें मूल वर्गांत ही गोष्ट ऐकतें, तेव्हां त्याच्या मनांत काय येत असेल? ज्याचें घर कच्चें तो मूर्ख आणि ज्याचें पक्कें तो गुणी, असें तर तें शिकत नसेल ना? गोष्ट सांगणाराच्या मनांत असें कांहीं नसतें, हें खरें. पण पूर्वग्रह बहुधा असाच, न सांगतां, गोडीच्या आड लपून येतो. काळी ती कुरूप, सावत्र ती दुष्ट, खेडवळ तो हास्यास्पद, हे धडे कोणत्याहि फळ्यावर लिहिलेले नसतात, तरी ते मुलांस पाठ होतात.

शाळेच्या पुस्तकांचेंहि असेंच आहे. त्यांतील आई बहुधा चुलीपाशीं, आणि बाबा कामावर निघालेले. पुण्यांत १९६७ सालीं स्थापन झालेल्या ‘बालभारती’ या संस्थेनें २०१९ सालीं इयत्ता दुसरीच्या नव्या पुस्तकांत ही रीत मोडली. आई व बाबा दोघे मिळून भाजी निवडीत आहेत, स्त्री डॉक्टर आहे, स्त्री रहदारीचें नियंत्रण करीत आहे, अशीं चित्रें त्यांत आलीं. ज्या मुलाची आई पहाटेच्या पाळीस कारखान्यांत जाते, त्याला त्या पानांवर आपलें घर ओळखीचें वाटलें असेल.

तथापि चित्र बदललें एवढ्यानें काम संपत नाहीं. पुस्तकें बदलणें हें मोठ्यांच्या समित्यांचें काम. जें पुस्तक हातीं येईल, तें नवें असो वा जुनें, पारखून वाचणें हें मात्र प्रत्येक मुलास साधण्यासारखें आहे. यासाठीं जुन्या गोष्टी फेकून देण्याचें कारण नाहीं. काऊ-चिऊची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र शेवटीं तीन प्रश्न विचारावे. ही गोष्ट कोणाच्या बाजूनें सांगितली आहे? हिच्यांत कोणाचें म्हणणें आपणांस ऐकूं आलें नाहीं? आणि हीच गोष्ट कावळ्यानें सांगितली असती, तर ती कशी झाली असती?

अशानें मुलें उद्धट होतील, अशी शंका कांहीं पालक घेतात. त्यांनीं मुक्ता साळवे हिचें स्मरण करावें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या, मांग समाजांतील या सुमारें चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. जे ग्रंथ पाहण्याचीहि आपल्या लोकांस मनाई, ते आपले कसे म्हणावे, असा प्रश्न तिनें त्यांत केला. त्यास उद्धटपणा कोण म्हणेल? अक्षरें शिकून ती थांबली नाहीं. तीं कोणासाठीं लिहिलीं गेलीं व कोणास वगळून, हेंहि तिनें पाहिलें. याचेंच नांव वाचन.

विद्यार्थिमित्रांनो, घरीं धाकट्या भावंडांस ही गोष्ट सांगाल, तेव्हां क्षणभर थांबून त्यांस विचारा, चिऊताईनें काय करावयास हवें होतें? आणि पालकहो, मुलाचें उत्तर तुमच्या मनासारखें आलें नाहीं, तरी त्यास रागावूं नका. तें त्याला कसें सुचलें, हें शांतपणें ऐकून घ्या.